गाळाचे खडक ओळखायला शिकायचंय? पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्यासमोर एक काळपट दगड आला. त्यात पांढरे, गोलसर ठिपके होते. मी बिनधास्त 'पिंडाश्म' (गोल गोटे चिकटून झालेला गाळाचा खडक) असं लिहिलं. तो निघाला आपल्याच टेकडीवरचा बेसाल्ट. वर्षभर मी डोंगर, नदी, समुद्र आणि बाणांची आकृती पाठ केली होती, पण गाळाचा खडक हातात धरून नीट पाहिलेला नव्हता. पुण्यात वाढलेल्या मुलांची ही खरीच अडचण आहे. पर्वती, वेताळ टेकडी, सिंहगड, सगळा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड. जगात जमिनीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७५ टक्के भाग गाळाच्या खडकांनी झाकलेला आहे आणि आपण नेमके उरलेल्या भागात राहतो.

तरीही इथे राहून हे खडक शिकता येतात. पुण्याच्या डोंगरांत नसले तरी ते पुण्याच्या घरांत आहेत. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेसाठी भूगोल करणारे आणि ट्रेकला जाताना दगड उचलून पाहणारे, अशा सगळ्यांसाठी मला जमलेला क्रम इथे देते. फक्त एक सवय लावून घ्या. दगड हातात आला की आधी नाव आठवू नका. तीन प्रश्न विचारा: कण कशाचे आहेत, केवढे आहेत आणि कशाने चिकटले आहेत?

काय जवळ हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळ दुरुस्तीवाले वापरतात तसलंही चालतं.
- पांढरं व्हिनेगर आणि ड्रॉपर
- पोलादी खिळा
- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी
- काचेची झाकणाची उंच बरणी
- वही, पेन्सिल, जुनी वर्तमानपत्रं, नमुन्यावर चिकटवायला कागदी पट्ट्या
- महाविद्यालयाचं ओळखपत्र. खाणीत किंवा एखाद्या विभागाच्या संग्रहात जायचं असेल तर विभागप्रमुखांचं पत्रही घ्या. पत्र असलं की दारावरची अर्धी चर्चा वाचते.

हातोडी लगेच घेऊ नका. टेकड्यांचा बराच भाग वनखात्याचा आहे, आणि लेणी-किल्ल्यांवर ठोकाठोक करणं हा गुन्हा आहे. शिकण्यासाठी पडलेले तुकडे पुरतात.

चुन्याच्या खडकावर आम्ल टाकलं की फेस येतो, तो ओळखायची एक खूण आहे. त्यासाठीच्या हायड्रोक्लोरिक आम्लाबद्दल आधीच सांगते. प्रयोगशाळेत १० टक्क्यांचं सौम्य द्रावण वापरतात, ते तिथेच, शिक्षकांसमोर, चष्मा लावून वापरा. संडास धुवायचं अ‍ॅसिड घेऊन घरी दगड तपासू नका. त्याची वाफ घशाला लागते, शिवाय त्याने इतका फेस येतो की खडकाबद्दल काहीच कळत नाही. व्हिनेगर सावकाश काम करतं, पण भिंगाखाली बुडबुडे स्वच्छ दिसतात.

१. आधी पुण्याचा दगड ओळखा

हे उलटं वाटेल, पण गाळाचा खडक कुठला *नाही* हे आधी डोळ्यांत बसलं पाहिजे. फसवणारे चार प्रकार आपल्या आजूबाजूलाच आहेत.

पहिला, सह्याद्रीचे थर. कुठल्याही कड्याकडे पाहा, एकावर एक पायऱ्या दिसतात. 'थर म्हणजे गाळाचा खडक' असं शाळेत ऐकलेलं असतं, म्हणून माणूस इथेच चुकतो. हे लाव्हाचे थर आहेत, एकानंतर एक वाहून थिजलेले. जवळ जाऊन भिंग लावा. सुटे, झिजलेले, एकमेकांना चिकटवलेले कण दिसणार नाहीत. बारीक स्फटिक एकमेकांत गुंतलेले दिसतील. थर नुसती शंका घ्यायला पुरे, पण निर्णय कणांवरून करायचा.

दुसरा, परीक्षेत मला फसवलेला. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात आणि मागाहून त्यांत झिओलाइट, कॅल्साइट (चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) किंवा गारेसारखी खनिजं भरतात. दुरून वाटतं, काळ्या चिखलात पांढरे गोटे रुतलेत. फरक असा ओळखा: पिंडाश्मातले गोटे वेगवेगळ्या दगडांचे असू शकतात आणि ते आधी कुठेतरी झिजून गोल झालेले असतात. बेसाल्टमधल्या ठिपक्याची कड मात्र पोकळीच्या आकाराची असते, आणि फुटलेल्या ठिपक्यात खनिज कडेकडून मधे वाढत गेलेलं, कधी सुयांसारखं, दिसतं. व्हिनेगरवर विसंबलात तर आणखी फसाल, कारण ठिपका कॅल्साइटचा असला की बेसाल्टही फसफसतो.

तिसरा, दोन लाव्हाथरांमधला लाल मातकट पट्टा. घाटात रस्ता कापलेल्या ठिकाणी तो हमखास दिसतो. बहुतेक ठिकाणी ती जुन्या लाव्हाच्या माथ्यावर तयार झालेली माती असते आणि वरून आलेल्या लाव्हाने ती भाजून निघालेली असते.

चौथा, महाबळेश्वरचा आणि कोकणातला जांभा. तो वाहून आलेल्या गाळाचा नाही. मूळ खडकातलं बरंच काही पावसाने विरघळवून नेलं आणि लोह-अ‍ॅल्युमिनियम जागच्या जागी उरलं, त्याचा तो झाला.

पाटा, वरवंटा, जातं यांनाही एकदा भिंग लावा. आपल्याकडचे जुने पाटे बेसाल्टचेच. तो पोत एकदा ओळखीचा झाला की वेगळा दगड हाताला लगेच परका लागतो.

२. गाळ बसताना स्वतः पाहा

बरणीत एक मूठ वाळू, एक मूठ बागेतली माती आणि लिंबाएवढा शाडूचा गोळा कुस्करून टाका. पाणी भरा, झाकण लावा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू काही सेकंदांत खाली बसते. त्यावर मातीचा बारीक थर धरायला वेळ लागतो. शाडूचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असतं. बारीक कणांच्या बाबतीत व्यास निम्मा झाला की खाली बसण्याचा वेग एक चतुर्थांशावर येतो, म्हणून हा फरक एवढा मोठा.

आता जुलैतली मुठा आठवा, चहाच्या रंगाची. तो रंग म्हणजे सिंहगड-पानशेतकडच्या डोंगरांतून सुटलेली माती. पाण्याचा वेग कमी होतो तिथे आधी गोटे, मग वाळू आणि शेवटी चिखल खाली बसतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्याच्या आठवणी सांगणारे वडीलधारे घरात असतील तर त्यांना पुरानंतरच्या गाळाबद्दल विचारा. पाणी ओसरल्यावर घरात उरलेला तो चिखल म्हणजे निक्षेपणच, वाहून आलेला गाळ खाली बसणं.

एप्रिल-मे महिन्यांत खडकवासल्याचं पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या काठावर चिखलाच्या भेगा बघायला जा. पाच-सहा बाजूंच्या फरशा आखल्यासारखं दिसतं, आणि पातळ पापुद्र्यांच्या कडा वर वळलेल्या असतात. असल्याच भेगा खडकात जशाच्या तशा टिकलेल्या सापडतात आणि त्यावरून तो चिखल कधीकाळी उघड्यावर वाळला होता हे कळतं. काठावरूनच बघा. वरून कोरडा दिसणारा गाळ खाली मऊ असतो आणि गुडघ्यापर्यंत पाय रुततो.

३. गाळाचा दगड होतो कसा

नुसता गाळ साठला म्हणजे खडक झाला असं नाही. त्यावर आणखी थर चढतात, वजनाने कण दाबले जातात आणि मधलं पाणी निघून जातं. ताज्या चिखलात निम्म्याहून जास्त जागा पाण्याचीच असते, त्यामुळे चिखल दबतो खूप. वाळू तेवढी दबत नाही. तिच्या कणांमधून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपतं आणि कॅल्साइट, सिलिका किंवा लोहाची ऑक्साइडं तिथे साचून कण सांधतात. हेच खडकाचं सिमेंट. लाल वालुकाश्माचा लाल रंग बहुतेकदा कणांवर चढलेल्या हेमटाइटच्या (लोहाच्या ऑक्साइडच्या) पातळ लेपाचा असतो, कण स्वतः पांढरे निघतात.

सिमेंट पाहायला लांब जायची गरज नाही. भीमा, घोड या नद्यांच्या काठांवर जुन्या वाळू-गोट्यांचे थर चुन्याने घट्ट झालेले आढळतात. काळ्या मातीत हरभऱ्यापासून बटाट्याएवढे पांढरट, खडबडीत चुनखडीचे गोटे निघतात, तोही पाण्यातून साचलेला कॅल्शियम कार्बोनेटच. पूर्वी हीच चुनखडी भट्टीत भाजून बांधकामाचा चुना करत. एक गोटा फोडून व्हिनेगर टाका. फसफस लगेच दिसेल.

जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ कुकडीच्या काठी गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. त्याच्या वयावर अभ्यासकांमध्ये बरीच वर्षं वाद चालला. गेलात तर बघून या. तिथून काही उचलू नका, तो थर सगळ्यांच्या अभ्यासाचा आहे.

४. घरातले तीन चुनखडक

माझं खरं शिक्षण इथे झालं. जुन्या वाड्यातली किंवा गच्चीवरची शहाबादी फरशी, जिन्यातला कोटा आणि स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा, हे तिन्ही चुनखडक. शहाबाद कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. कोटा राजस्थानातला, आणि कडप्पा आंध्रातला. पुण्यात गाळाचे खडक नाहीत म्हणून मी वर्षभर हळहळत होते आणि त्यांवरूनच चालत होते.

कोऱ्या, पॉलिश न केलेल्या कडेवर खिळ्याने थोडं घासून भुकटी करा, त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका आणि भिंग लावा. बारीक बुडबुडे येतात. ओट्यावर वरून हा प्रयोग करू नका. पॉलिश जातं आणि पांढरट डाग कायमचा राहतो. लिंबू कापून ठेवल्यावर कडप्प्यावर उमटणारा डाग हीच अभिक्रिया. ग्रॅनाइटच्या ओट्याला लिंबाने असं होत नाही, यावरूनही दोघांतला फरक कळतो.

आमच्याकडे गच्चीचं काम करायला एक मिस्त्री यायचे. शहाबादीच्या जाड लादीच्या कडेवर छिन्नी धरून ते हलके ठोके द्यायचे आणि लादी पापुद्रा सुटावा तशी दोन भागांत उघडायची. मी एक तुकडा वरून ठोकला, तर वेडावाकडा फुटला. "ताई, कड बघून मारायचं असतं," ते म्हणाले. "हिला आडवं अंग आहे. उभं मारलं की वाया गेली." स्तरणाची इतकी नेमकी ओळख मला पुस्तकातून झाली नव्हती. थर जिथे एकमेकांवर टेकलेत तिथे खडक कमजोर असतो, आणि त्यामुळेच या दगडांच्या सपाट फरशा निघतात.

इथले सापळे तीन. संगमरवरही फसफसतो, पण तो चुनखडक दाब-उष्णतेने बदलून झालेला रूपांतरित खडक आहे. त्यात साखरेच्या दाण्यांसारखे चमकणारे स्फटिक दिसतात. डोलोमाइट (चुनखडकासारखाच, पण मॅग्नेशियमही असलेला खडक) अखंड असताना जवळजवळ गप्प बसतो, भुकटी केल्यावर हळू फसफसतो. आणि ज्या वालुकाश्माचं सिमेंट कॅल्साइटचं आहे तोही फसफसतो. तिथे फेस ओसरल्यावर काय उरलं ते बघा. वाळूचे कण उरले तर तो वालुकाश्म.

फरशीवर कधी काळसर, झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसते. तिला वनस्पतीचा जीवाश्म समजू नका. भेगांतून शिरलेल्या पाण्यातलं मँगनीज-लोह तसं पसरत जातं. शहाबादी आणि कोटा हे प्राण्यांना शंख-शिंपले येण्याच्या आधीच्या काळातले चुनखडक मानले जातात, त्यामुळे त्यांत शिंपले शोधत बसण्यात अर्थ नाही. शिंपल्यांचे तुकडे पाहायचे असतील तर मार्बलच्या वखारीत जैसलमेरच्या पिवळ्या दगडाचे तुटके तुकडे मागा. तो ज्युरासिक काळातला आहे. दुकानात त्याला सर्रास सँडस्टोन म्हणतात. व्हिनेगर टाका आणि स्वतः ठरवा.

वखारीत जाल तेव्हा आधी मालकांना विचारा, गिऱ्हाइकांची गर्दी नसलेली दुपारची वेळ धरा. बहुतेक जण आनंदाने तुकडे देतात. राजस्थानातल्या धोलपूरच्या दगडाचाही एक तुकडा घ्या, पुढे लागेल.

५. कण मोजायला स्वयंपाकघरातली फूटपट्टी

कणांच्या आकाराची जी मोजपट्टी जगभर चालते ती वेंटवर्थ यांनी १९२२ मध्ये मांडली. २ मिलिमीटरपेक्षा मोठे ते गोटे-खडे. २ ते ०.०६२५ मिलिमीटर म्हणजे वाळू. त्याखाली ०.००४ मिलिमीटरपर्यंत सिल्ट आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. हे आकडे परीक्षेपुरते पाठ होतात, हातात दगड आला की आठवत नाहीत. म्हणून मी पुठ्ठ्यावर गोंद लावून ओळीने साबुदाणा, जाडा रवा, रांगोळी आणि मैदा चिकटवला. साबुदाण्याएवढं किंवा मोठं दिसलं तर खडे. रवा आणि रांगोळीसारखं हाताला लागलं तर वाळू. मैद्यासारखं, म्हणजे कण सुटा दिसतच नाही, तर त्याहून बारीक. माप अंदाजाचं आहे, पण खडकापाशी उभं राहून त्याचा गट ठरवायला पुरतं.

सिल्ट की चिकणमाती हे भिंगातूनही कळत नाही. स्वच्छ नमुन्याचा कणभर तुकडा पुढच्या दातांत धरून हलकेच चावा. कचकच लागली तर सिल्ट, लोण्यासारखं लागलं तर चिकणमाती. ऐकायला विचित्र वाटतं, पण क्षेत्रकाम करणारे भूशास्त्रज्ञ असंच करतात. नाल्याकाठचा नमुना मात्र तोंडात घालू नका.

६. नाव द्यायचा क्रम

आधी ठरवा, खडक तुकड्यांचा आहे, पाण्यातून रासायनिक रीतीने साचलेला आहे की सजीवांच्या अवशेषांचा.

तुकड्यांचा असेल तर आकार बघा. मोठे तुकडे गोल असतील तर पिंडाश्म, टोकदार असतील तर कोणाश्म. टोकं शाबूत म्हणजे प्रवास थोडा. वाळूचा तो वालुकाश्म. चिखलाचा खडक पातळ पापुद्र्यांत सुटत असेल तर शेल, गठ्ठ्याने फुटत असेल तर पंकाश्म.

वालुकाश्मापाशी थांबा, इथे खरी मजा आहे. कण जवळजवळ सगळे क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे, असतील तर ती वाळू लांबून, बरीच झिजून आलेली असते, कारण क्वार्ट्झ सहजी मरत नाही. फेल्डस्पार (ग्रॅनाइटमधलं, क्वार्ट्झपेक्षा लवकर कुजणारं खनिज) २५ टक्के किंवा जास्त असेल तर आर्कोज. फेल्डस्पारची माती व्हायला वेळच मिळाला नाही, म्हणजे ग्रॅनाइटसारखा मूळ खडक बहुधा जवळच होता. कणांमध्ये चिखलाचा भरणा साधारण १५ टक्क्यांहून जास्त असेल तर ग्रेवॅक म्हणतात. आता मुठेची चिमूटभर वाळू भिंगाखाली धरा. बेसाल्टचे काळे कण, अधूनमधून झिओलाइटचे पांढरे आणि गारेचे अर्धपारदर्शक कण. बेसाल्टच्या मूळ घडणीत क्वार्ट्झ नसल्यात जमा असतो, त्यामुळे आपल्या डोंगरांतून धोलपूरसारखा फिकट वालुकाश्म होणं शक्य नाही. धोलपूरचा तुकडा शेजारी ठेवा, म्हणजे 'कण कशाचे' या प्रश्नातून आख्खा मुलूख कसा ओळखू येतो ते दिसेल.

कठीणपणासाठी खिळा वापरा. कॅल्साइट (कठीणता ३) ओरखडतो, क्वार्ट्झ (७) ओरखडत नाही. पण कच्चा सांधलेला वालुकाश्म खिळ्याने विस्कटतो आणि ओरखडा पडल्यासारखं वाटतं. भिंगातून पाहा, कण चिरलाय की नुसता निखळलाय.

रासायनिक गटाचे नमुने किराणा दुकानात आहेत. सैंधव म्हणजे हॅलाइट, खारं पाणी आटून साचलेलं. जिप्सम नखाने ओरखडतं. शाळेतले बरेच खडू जिप्समचे असतात, म्हणून खडू फसफसला नाही तर व्हिनेगर बिघडलं असं समजू नका. सजीवांच्या गटात दगडी कोळसा आणि शिंपल्यांचे चुनखडक. चुनखडकांचं पुढचं वर्गीकरण फोक (१९५९) आणि डनहॅम (१९६२) या दोन पद्धतींनी करतात. ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. आधी पन्नास दगड हाताखालून जाऊ द्या.

७. नोंद अशी ठेवा

नमुन्यावर क्रमांकाची पट्टी घरी येऊन नाही, तिथल्या तिथे चिकटवा. पिशवीत चार दगड एकत्र झाले की कुठला कुठून आला ते कोणालाच सांगता येत नाही. माझ्या वहीतली एक नोंद उदाहरणासाठी देते:

*नमुना ११. वखारीतला तुटका तुकडा, विक्रेत्याच्या सांगण्याप्रमाणे धोलपूरचा. रंग फिकट गुलाबी. कण बारीक रव्याएवढे, एकसारखे, गोलसर, काचेसारखे. व्हिनेगर: काही नाही. खिळा: कण ओरखडत नाही. कडेला तिरक्या बारीक रेषा, वरच्या बाजूला कापल्यासारख्या. नाव: क्वार्ट्झचा वालुकाश्म, तिर्यक् स्तरण.*

नाव सगळ्यात शेवटी लिहा. नाव चुकलं तरी वरच्या ओळी बरोबर असतील तर मागाहून दुरुस्त करता येतं.

तिरक्या रेषांबद्दल थोडं. वाळूचे उंचवटे वाऱ्याने किंवा प्रवाहाने पुढे सरकतात तेव्हा उतरत्या बाजूवर वाळू घसरून हे तिरके थर होतात. ते ज्या दिशेला खाली उतरतात, प्रवाह त्या दिशेला वाहत होता.

८. मग बदामीला जा

एवढा सराव झाला की बाहेर पडा. कोळसा आणि गोंडवन काळातले वालुकाश्म पाहायचे तर चंद्रपूरकडे जावं लागतं. मी मात्र आधी बदामी सुचवेन. पुण्याहून रात्रीच्या प्रवासाने गाठता येतं. कार्ले, भाजे, अजिंठा, वेरूळ ही लेणी बेसाल्टमध्ये कोरलेली, तर बदामीची लाल वालुकाश्मात. तिसऱ्या लेण्यात इ.स. ५७८ चा शिलालेख आहे. शिल्पं सगळेच पाहतात. तुम्ही खांबांच्या अंगावरचे रंगीत पट्टे आणि लेण्यांबाहेरच्या उघड्या कड्यांवरचे तिरके थर पाहा. व्हिनेगर आणि खिळा खोलीवरच ठेवून जा, स्मारकावर काहीही टाकायचं किंवा ओरखडायचं नाही. भिंग आणि वही पुरते. सकाळी आठ-नऊच्या सुमारास ऊन तिरपं असतं तेव्हा कड्यावरच्या रेषा उठून दिसतात, दुपारी सगळं सपाट वाटतं. कड्यासमोर उभं राहून प्रवाहाची दिशा वहीत बाणाने काढा आणि पाच ठिकाणी तसंच करून बाण जुळतात का ते तपासा.